काळीज घरी ठेवून आलेला ससा : कोरियाची पान्सोरी

कोयनाकाठ

गेल्या शनिवारी साडेतीन तास बसून एक गोष्ट ऐकली. सोलमध्ये नामसान डोंगराच्या उतारावर राष्ट्रीय नाट्यगृह आहे. तिथे १९८४ पासून अख्खी पान्सोरी (ढोलाच्या साथीने गाऊन सांगितलेली कोरियन गोष्ट) एका बैठकीत ऐकवण्याची मालिका चालू आहे. मंचावर एक चटई, मागे घडीचा चित्रपडदा आणि माणसं दोनच. चटईवर उभी गायिका, हातात पंखा. तिच्या डावीकडे मांडी घालून बसलेला ढोलवाला. एवढ्याच सामग्रीत त्या बाईने समुद्राच्या तळाचा राजवाडा उभा केला, माशांचा दरबार भरवला आणि शेवटी सशाला उड्या मारत डोंगरात पळवलं.

त्या दिवशीची कथा होती सुगुंगा, म्हणजे पाण्यातल्या राजवाड्याचं गाणं. दक्षिण समुद्राचा राजा आजारी पडतो. (राजा ड्रॅगन आहे, पण मी नागराजच म्हणणार. बौद्ध ग्रंथांतल्या 'नाग' शब्दासाठी चिनी भाषांतरकारांनी ड्रॅगनचाच शब्द वापरला होता.) औषध एकच, सशाचं यकृत. जमिनीवर कोण जाणार यावर दरबारात खल होतो, मोठमोठे सरदार अंग चोरतात आणि एक कनिष्ठ अधिकारी पुढे येतो. हा ब्योलजुबू, म्हणजे कासव. त्याने आयुष्यात ससा पाहिलेला नाही, म्हणून दरबारी चितारी त्याला सशाचं चित्र काढून देतो. कासव ते घेऊन वर येतं, मोठ्या हुद्द्याची लालूच दाखवून सशाला पाण्याखाली नेतं. तिथे पोट फाडायची तयारी बघून ससा म्हणतो, "महाराज, आधी सांगायचंत ना! यकृत मी काढून घरी ठेवून आलोय."

इथे मी खुर्चीत ताठ बसले. हे वाक्य मी साताऱ्याला, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलं होतं. तिच्या गोष्टीत माकड होतं, मगर होती आणि जांभळाचं झाड होतं. "अगं, माझं काळीज तर झाडावरच राहिलं!"

चार वर्षं या देशात राहते आहे. कामापुरती भाषा येते, पान्सोरीतली जुनी भाषा निम्मी डोक्यावरून जाते. पण त्या वाक्यानंतर मला पडद्यावरचे सबटायटल वाचायची गरज उरली नाही. इथे कुणी पान्सोरी ऐकली आहे का? नसेल तर ऐका, मी लिहीत राहते.

---

पिंपळपार

सुरेख लिहिलंत. मला तुमच्या मंचावर आमचे मामा दिसले. नारदीय कीर्तन करायचे. एकच माणूस दशरथ व्हायचा, कैकेयी व्हायचा, मंथराही व्हायचा. खांद्यावरचं उपरणं डोक्यावरून घेतलं की कैकेयी, पिळून हातात धरलं की धनुष्य. तुमच्या गायिकेचा पंखा असंच काही करतो का? आणि पूर्वरंग-उत्तररंग असा काही प्रकार आहे का त्यात?

---

कोयनाकाठ

@पिंपळपार, पंखा अगदी उपरण्यासारखाच! मिटला की काठी, वल्हं, तलवार. उघडला की पत्र. कधी नुसताच झटकन उघडतात आणि प्रसंग बदलतो.

निरूपणाचा पूर्वरंग नाही, पण मुख्य कथेआधी दांगा नावाचं छोटं गाणं म्हणतात, गळा तापवायला आणि सभा जमवायला. पुढे कथा तीन अंगांनी चालते. गायलेला भाग, मधला बोललेला भाग (त्याला आनिरी म्हणतात) आणि हावभाव. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते काही जागी कळतच नाही. कीर्तनकार गद्यातून साकीत घसरतो ना, तसं.

'पान' म्हणजे लोक जमतात ती मोकळी जागा आणि 'सोरी' म्हणजे आवाज. नैऋत्येकडच्या जोल्ला प्रांतात, १७ व्या शतकाच्या सुमारास, बाजारात आणि अंगणांत हे वाढलं. देवऋषी बायकांच्या अनुष्ठानगीतांशी त्याचं नातं सांगतात. पूर्वी बारा कथा होत्या. आज गायनासकट पाच उरल्यात: छुन्ह्यांगची प्रेमकथा, आंधळ्या बापासाठी समुद्रात उडी घेणारी सिम चोंग, गरीब हुंगबू आणि त्याचा हावरट भाऊ, आपला हा ससा आणि चिनी तीन राज्यांच्या युद्धातली लाल कड्याची लढाई. छुन्ह्यांग अख्खी गायची तर आठ तास लागू शकतात. एका गळ्याचे आठ तास!

---

मिरजेचा तंबोरा

तालाबद्दल लिहा. ढोलवाला नुसता ठेका धरतो की बोलतो?

---

कोयनाकाठ

@मिरजेचा तंबोरा, या प्रश्नाची वाटच बघत होते.

ढोलाचं नाव बुक. लाकडी खोड, दोन्ही बाजूंना कातडं. डाव्या तोंडावर उघडा तळहात, उजव्या हातात छोटी जाड काठी. काठी कातड्यावर पडते आणि लाकडी अंगावरही. लाकडावरचा तो 'टक्' ऐकण्यासारखा असतो, गायिकेचं वाक्य जणू तिथे खुंटीला टांगलं जातं.

तालाला म्हणतात जांगदान. सगळ्यात संथ जिन्यांगजो, ६ मात्रांचे चार खंड, म्हणजे २४ मात्रा. दुःख, विरह, रात्र. मग जुंगमोरी, १२ मात्रा, कथेची नेहमीची चाल. त्याहून चढी जुंगजुंगमोरी, मग जाजिनमोरी आणि अगदी धावतं ते ह्विमोरी. प्रसंगाप्रमाणे गायिका ताल बदलते. जुंगमोरीत मला सगळ्यात आवडते ती नववी मात्रा. आठ मात्रा वाक्य चढत जातं, नवव्यावर ठोसा आणि उरलेल्या तीन मात्रांत सगळं सैल. मी आधी एकतालासारखी पहिल्यावर सम शोधत बसायचे, म्हणून कितीतरी दिवस चुकत होते. वजन नवव्यावर आहे हे कळल्यावर गाणं उलगडलं.

आणि एक ताल खास तुमच्यासाठी. ओन्मोरी. १० मात्रा, विभागणी ३+२+३+२.

---

मिरजेचा तंबोरा

थांबा. म्हणजे झपताल उलट्या पायाने चालतोय. आपला २+३+२+३. कुठल्या प्रसंगाला वापरतात?

---

कोयनाकाठ

अद्भुत, अनपेक्षित कुणी आलं की. साधू, दैवी माणूस, किंवा वाघ.

वाघाचा प्रसंग सांगायलाच हवा. कासव इतकं लांब पोहून आलेलं असतं की त्याचा जबडा आखडलेला असतो. समोर ससा दिसतो, म्हणून ते आदराने हाक मारायला जातं, "तो-सेंगवॉन!", म्हणजे 'ससेराव' म्हणा ना. पण जबडा वळत नाही आणि तोंडून निघतं "हो-सेंगवॉन!" 'हो' म्हणजे वाघ. आयुष्यात कुणी एवढ्या मानाने हाक मारलेली नसते, म्हणून डोंगरातला वाघ खूश होऊन खाली उतरतो. तो उतरतो ते ओन्मोरीत. तीन-दोन, तीन-दोन असे ठोके पडतात आणि त्याच्या खांद्यांची हालचाल डोळ्यांसमोर येते. चालीतला झोल तालातच आहे.

---

जांभळी सावली

इतके महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी अकरावीत आहे, पुण्यात. हा वाघ मला माहीत आहे!! लीनालची बँडचं गाणं! २०२० मध्ये कोरियाच्या पर्यटनाच्या व्हिडिओत आलं होतं, रंगीबेरंगी कपडे आणि टोप्या घालून नाचणारे लोक सोलभर फिरतात तो. मला ते नवीन पॉप गाणंच वाटायचं. ते एवढं जुनं आहे हे आज कळलं.

आणि बीटीएसच्या २०१८ च्या 'आयडॉल'मध्ये मध्येच "ओल्सू, जोता" असं ओरडतात. त्याचा अर्थ काय? आई म्हणते उगाच आरडाओरडा आहे.

---

कोयनाकाठ

@जांभळी सावली, ये ये! आईला सांग, तो आरडाओरडा म्हणजे पान्सोरीचा प्राण आहे.

त्याला चुइम्से म्हणतात. गायकाचं वाक्य संपताना, श्वासाच्या फटीत, ढोलवाला आणि श्रोते दाद देतात. "ओल्शिगू!", "जोता!" (छान!), "जाल्हान्दा!" (मस्त चाललंय!). दुःखाच्या जागी हीच दाद हळू, सुस्काऱ्यासारखी येते. आपल्याकडे मैफलीत "क्या बात है" म्हणतात, पण ती आपली मर्जी. इथे ढोलवाल्याचं ते कामच आहे. गायिका दमलेली दिसली की तो मोठ्याने उचलून धरतो. ती शब्द विसरली तर ठेका लांबवून वेळ काढतो. जुनी म्हण आहे, पहिला ढोलवाला, दुसरा गायक. नीट ऐकणाऱ्यालाही वेगळं नाव आहे, ग्वी-म्योंगछांग. 'म्योंगछांग' म्हणजे थोर गायक आणि 'ग्वी' म्हणजे कान. कानाचा थोर गायक.

शनिवारी माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. पहिला तासभर मी गप्प होते, चुकीच्या जागी ओरडले तर काय, ही भीती. त्यांनी मला कोपराने हळूच ढोसलं आणि पुढच्या जागेला बोट वर करून खूण केली. मी "जोता" म्हटलं. आवाज फुटला नाही नीट. पुढच्या जागेला फुटला.

---

शाहिरी बाज

मी पोवाडे गातो. वडील गायचे, आजोबा गायचे. तुमचं वाचून काल रात्री दोन तास ऐकलं.

आवाजाबद्दल आधी. आमच्याकडे नव्या पोरांना शिकवताना हल्ली संगीत शिक्षक सांगतात, घसा ओढू नका, आवाज गोड ठेवा. ही बाई ऐकली आणि छाती भरून आली. खरखरीत, फाटका, पण सूर तसूभर हलत नाही. शाहिराचा आवाज असाच पाहिजे. हा कमावलेला आवाज आहे की जन्मजात?

दुसरं, ते लीनालची. मला नाही पटलं. मूळ ऐकून मग ते ऐकलं. तुम्ही ज्या दहा मात्रांच्या झोलाचं कौतुक केलंत तोच त्यांनी काढून टाकलाय. सरळ चारचा ठेका. वाघ उतरत नाही, कवायत करतो. आमच्याकडे पोवाड्याला ड्रम लावून हेच केलं लोकांनी. झीलकऱ्याची "जी जी र जी" राहिली आणि बाकी सगळं गेलं.

---

कोयनाकाठ

@शाहिरी बाज, तुमच्यासारख्याने ऐकलं याचा फार आनंद झाला.

आवाज कमावलेलाच. त्या साधनेच्या शेवटाला दुगुम म्हणतात, 'आवाज मिळवणं'. जुने गायक डोंगरात जाऊन धबधब्याशेजारी उभे राहून गायचे, पाण्याच्या आवाजावर आपला आवाज चढेपर्यंत. घसा फुटायचा, बसायचा, पुन्हा उभा राहायचा. आजही विद्यार्थी सुट्टीत गुरूबरोबर डोंगरात जाऊन राहतात.

घराणी आहेत. सोमजिन नदीच्या पूर्वेकडची दोंगप्योनजे, भरदार, सरळ, स्वर दाबून टाकणारी. पश्चिमेकडची सोप्योनजे, आर्त, शेवटाला वळणं घेणारी. आणि एक गोष्ट मला फार आवडते: एखाद्या गायकाने कथेत स्वतः रचलेली जागा पुढचे लोक तशीच ठेवतात आणि त्याच्या नावाने सांगतात. तिला दोनुम म्हणतात. हुंगबूच्या कथेत हावरट भाऊ पाकोळ्या पकडायला निघतो ती जागा ग्वोन साम-दुक या गायकाची. माणूस जाऊन जमाना झाला, पण ती जागा आली की त्याचं नाव निघतं.

लीनालचीबद्दल मी तुमच्याशी अर्धीच सहमत आहे. तालाचा झोल गेला, ते खरं आणि ते नुकसान मोठं आहे. पण बाकी काय ठेवलंय तेही बघा. गिटार नाही, पेटी नाही. दोन बास, एक ड्रम आणि पान्सोरी रीतसर शिकलेले गायक. शब्द जुनेच, गळ्याची फेक जुनीच. त्यांच्या त्या अख्ख्या अल्बमचं नावच सुगुंगा आहे आणि बँडचं नाव १९ व्या शतकातल्या ई नाल-ची या गायकाचं. ते गाणं आलं नसतं तर @जांभळी सावली इथे आली नसती.

---

शाहिरी बाज

पोरगी आली हे खरं. पण ती तिथेच थांबली तर? तेवढंच माझं म्हणणं.

---

जांभळी सावली

नाही थांबले, काका. मूळ वाघ काल सात वेळा ऐकला. टाळी धरता येत नाहीये, पण धरेन.

---

पिंपळपार

शोध घेत बसलो होतो. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रात, लब्धप्रणाशात, ही मूळ कथा. रक्तमुख वानर आणि करालमुख मगर. पालीत सुंसुमार जातक. तिथे मगरीला वानराच्या हृदयाचे डोहाळे लागतात आणि वानर म्हणतो, आमची हृदयं त्या उंबराला लटकलेली आहेत. माकडाचा ससा आणि हृदयाचं यकृत कुठे झालं असेल?

---

कोयनाकाठ

@पिंपळपार, यकृत वाटेतच झालं. तिसऱ्या शतकात बौद्ध कथांची चिनी भाषांतरं झाली त्यात मगरीच्या जागी कासव आलं आणि हृदयाच्या जागी यकृत. जपानी लोककथेत माकड तसंच राहिलं, पण मागतात ते त्याचं यकृतच. ससा मात्र कोरियाचा.

आणि तो तिथे केव्हा होता याचा पुरावा आहे. ११४५ मध्ये किम बू-सिकने 'सामगुक सागी' हा इतिहास सिद्ध केला. त्यात ६४२ सालचा प्रसंग आहे. शिल्ला राज्याचा किम छुन-छू फौजेची मदत मागायला गोगुर्योच्या राजाकडे जातो. राजा म्हणतो, आधी आमचा मुलूख परत करा. नाही म्हटल्यावर त्याला कैदेत टाकतात. तेव्हा तिथलाच एक दरबारी त्याला भेटून म्हणतो, तुम्ही कासव आणि सशाची गोष्ट ऐकली नाही का? आणि सांगतो. छुन-छू समजतो, राजाला कळवतो की परत जाऊन मुलूख देववतो आणि सुटून घरी जातो. पुढे तो शिल्लाचा राजा झाला. एका गोष्टीने माणूस तुरुंगातून बाहेर काढला.

मराठीत तर मजाच आहे. मटणाच्या दुकानात 'काळीज' मागितलं की यकृत मिळतं आणि 'काळजाला भिडलं' म्हटलं की हृदय. आजीच्या "काळीज झाडावर राहिलं" या वाक्यात माकडही बसतं आणि ससाही. दोन्ही गोष्टी एका शब्दात मावणारी आपली भाषा आहे हे मला शनिवारी, सोलमध्ये बसून कळलं.

---

गावकूस

म्हणजे कथा आपलीच. त्यांनी घेतली एवढंच ना? मग त्याला जागतिक वारसा वगैरे कशाला?

---

कोयनाकाठ

@गावकूस, बीज इथलं. पण झाड बघा ना. माशांचा दरबार, अंग चोरणारे सरदार, सशाचं चित्र, जबडा आखडलेलं कासव, मानाला भुललेला वाघ, यातलं काहीच पंचतंत्रात नाही. ससा राजाला पटवायला सांगतो की यकृत आत-बाहेर काढायला माझ्या अंगाला एक वेगळं तिसरं भोक आहे, आणि राजा ते तपासायला लावतो! भर बाजारात, गरीब शेतकऱ्यांसमोर, राजा आणि त्याचे अधिकारी असे उघडे पाडलेले आहेत. शिवाय युनेस्कोने मान दिला (२००३ मध्ये) तो कथेला नाही, गायनाला. आणि हे गायन कुणाकडूनही घेतलेलं नाही.

---

निळी छत्री

तुम्ही सतत गायिका म्हणताय. हे पहिल्यापासून बायका गात होत्या का? आपल्याकडचा इतिहास माहीत असल्यामुळे विचारते.

---

कोयनाकाठ

@निळी छत्री, नाही. पुरुषांचंच होतं. गोचांग गावात शिन जे-ह्यो (१८१२-१८८४) नावाचे गृहस्थ होते. स्वतः गायक नव्हेत, पण पैसा आणि विद्या दोन्ही होतं. त्यांनी गायकांना घरी ठेवलं, शिकवलं, सहा कथांच्या संहिता नीट लावल्या. त्यांच्याकडे जिन छे-सोन ही मुलगी शिकली. १८६७ मध्ये ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या पुनर्बांधणीच्या उत्सवात ती राजधानीत गायली. पहिली म्योंगछांग बाई म्हणून तिचंच नाव सांगतात. आज गुरुकुलांत आणि विद्यापीठांत मुलीच जास्त दिसतात.

२० व्या शतकाच्या मध्यात सगळंच बुडायला आलं होतं. युद्ध, दारिद्र्य, सिनेमा. १९६४ मध्ये सरकारने पान्सोरीला राष्ट्रीय अमूर्त वारसा ठरवलं. १९६८ मध्ये पाक दोंग-जिन यांनी हुंगबूची कथा सलग पाच तास गाऊन दाखवली. तोवर लोक निवडक तुकडेच ऐकत होते. अख्खी गोष्ट ऐकायची असते हे त्या माणसाने पुन्हा शिकवलं. मी शनिवारी जे ऐकलं ते त्या पाच तासांचं देणं आहे.

---

मिरजेचा तंबोरा

नुसतं वाद्यसंगीत ऐकायचं असेल तर?

---

कोयनाकाठ

सांजो ऐका. एक वाद्य आणि एक तालवाद्य. गायागुम या १२ तारांच्या वाद्यावर किम छांग-जो (१८६५-१९१९) यांनी त्याला रूप दिलं असं मानतात. सुरुवात जिन्यांगजोत, अगदी विलंबित, मग पायरी-पायरीने चढत शेवटी द्रुत. उजवा हात तार छेडतो, डावा घोडीच्या पलीकडे तार दाबून, हलवून स्वराला जीव आणतो. मिंडेवर प्रेम करणाऱ्या कानाला फार समजावावं लागणार नाही.

नव्यातले हवेत तर जाम्बिनाई हा बँड. हेगुम, गोमुन्गो आणि पिरी ही जुनी वाद्यं विजेच्या गिटारीसोबत, फार मोठ्या आवाजात. २०१८ च्या प्योंगछांग हिवाळी ऑलिंपिकच्या समारोपात ते वाजले होते. मला त्यांच्यातला गोमुन्गो आवडतो, बांबूच्या काडीने तारेवर असा मारतात की ढोलच वाटावा.

पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सिम चोंगपासून सुरुवात करावी असं मी म्हणेन. शेवटी राणी झालेली मुलगी राज्यातल्या सगळ्या आंधळ्यांना जेवायला बोलावते, कारण त्यांत आपला बाप येईल. तो येतो, मुलीचा आवाज ऐकतो आणि "कुठे आहे माझी पोर, बघू दे" म्हणत डोळे उघडतो. भाषा कळली नाही तरी ती जागा चुकणार नाही.

---

शाहिरी बाज

ऐकली. दोनदा. वडिलांनाही ऐकवली. ते ८१ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकर उशाशी ठेवला. बाप डोळे उघडतो तिथे ते "जी जी" म्हणाले. मी काहीच सांगितलं नव्हतं.

---

कोयनाकाठ

@शाहिरी बाज, त्यांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या महिन्यात पुन्हा पान्सोरी आहे, तेच आजोबा भेटले तर त्यांना मी हे सांगणार आहे.

---

मिरजेचा तंबोरा

तीन दिवस जुंगमोरी लावून ठेवली होती. आज सकाळी चहा घेताना हात आपोआप गुडघ्यावर पडला. मोजून पाहिलं, नववी होती.